उशाशी रात्रभर जागणारा घड्याळ-रेडिओ

झोपायला जाण्यापूर्वी आपण घरातली बहुतेक विजेची यंत्रे बंद करतो. इस्त्रीचा प्लग काढतो, टीव्ही बंद करतो, गीझरचे बटण दोनदा पाहतो. फ्रिज चालू राहतो, पण तो स्वयंपाकघरात असतो. पंखा चालू राहतो, पण तो छताला असतो. पलंगाशेजारचा घड्याळ-रेडिओ मात्र आपल्या डोक्यापासून हातभर अंतरावर, लाकडी स्टुलावर, उशी-पांघरुणाला जवळजवळ टेकून वर्षभर विजेला जोडलेला राहतो.

तो खऱ्या अर्थाने कधीच बंद नसतो. रेडिओचे बटण फिरवले की फक्त गाणे थांबते. घड्याळाचे आकडे चमकत राहावेत आणि पहाटेचा गजर वाजावा म्हणून आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज वाहतच असते. ही वीज जेमतेम काही वॉट असते, म्हणून एरवी हे यंत्र निरुपद्रवी वाटते. बिघाड झाला तर मात्र तो झोपलेल्या माणसाशेजारी होतो, आणि धुराचा वास झोपलेल्या माणसाला जागा करीलच याचा भरवसा नसतो. म्हणून छोट्याशा यंत्राच्या सुरक्षिततेसाठी हे स्वतंत्र प्रकरण. उदाहरण घेऊ ग्वाल्हेरचे, कारण या यंत्राची परीक्षा पाहणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथे एकाच घरात भेटतात.

लष्करातली घरे आणि रेडिओ

दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी कायम केली आणि त्या छावणीचे पुढे लष्कर हे शहर झाले. शिंद्यांबरोबर आलेली मराठी घराणी तिथे रुजली. चिटणीसांची गोठ, फालका बाजार, शितोळ्यांचा बाडा ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात. या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती जाड, खोल्या एकात एक आणि वायरिंग मागाहून बसवलेले असते.

आकाशवाणीचे ग्वाल्हेर केंद्र १५ ऑगस्ट १९६४ रोजी सुरू झाले. तानसेनाच्या समाधीचे हे गाव, ग्वाल्हेर गायकीचे हे घर. कृष्णराव शंकर पंडितांसारखे गवई इथे राहिले आणि त्यांचे गाणे आकाशवाणीमुळे दूरवर पोहोचले. अशा गावात पहाट रेडिओच्या सुरांनी व्हावी ही इच्छा स्वाभाविक आहे. आकाशवाणीची ओळखधून, वॉल्टर काउफमन यांनी बांधलेली, हा अनेक घरांचा दिवस सुरू होण्याचा पहिला सूर होता. घड्याळ-रेडिओ हे काम आपोआप करतो, म्हणून परदेशी गेलेल्या मुलाने किंवा भावाने तो आवर्जून आणावा अशी ती वस्तू होती. पहिली अडचण इथूनच सुरू होते.

१२० की २३०

भारतात घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. अमेरिकेत ती १२० व्होल्ट आणि ६० आवर्तने असते. तिथला घड्याळ-रेडिओ केवळ पिन बदलून इथल्या सॉकेटमध्ये घातला, तर आतल्या ट्रान्सफॉर्मरवर जवळजवळ दुप्पट दाब येतो. त्याचा लोखंडी गाभा तो दाब पेलू शकत नाही, वेटोळ्यांतून अनेक पटींनी जास्त प्रवाह वाहू लागतो आणि आतला फ्यूज किंवा वेटोळेच जळते. नशीब चांगले असले तर नुसता वास येतो. चपट्या पिनांचे गोल पिनांत रूपांतर करणारा स्वस्त अॅडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. तो फक्त पिन बदलतो. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा.

म्हणून यंत्र जोडण्यापूर्वी ते उलटे करून खालची पट्टी वाचावी. तिथे ‘१००-२४० व्होल्ट’ असे लिहिले असेल तर ते इथे चालते. ‘२२०-२४० व्होल्ट’ असेल तर प्रश्नच नाही. फक्त ‘१२० व्होल्ट’ असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची क्षमता रेडिओच्या वॉटपेक्षा निदान दुप्पट असावी. हा जास्तीचा ट्रान्सफॉर्मरही रात्रभर तापतो, हे विसरू नये. त्याला पलंगाखाली गादीला टेकवून ठेवणे म्हणजे एक धोका टाळून दुसरा ओढवून घेणे.

व्होल्टेज उतरवले तरी आवर्तने ५०च राहतात. जुन्या यंत्रांतले घड्याळ विजेची आवर्तने मोजून वेळ ठरवते. साठ मोजली की एक सेकंद झाला, असे ते धरते. इथे सेकंदाला पन्नासच आवर्तने येतात, म्हणून दर तासाला ते दहा मिनिटे मागे पडते आणि दिवसभरात चार तास. काही यंत्रांच्या पाठीमागे किंवा बॅटरीच्या खाचेत ५०/६० असा छोटा खटका असतो; तो ५० वर करावा. खटका नसेल तर असे घड्याळ इथे उपयोगाचे नाही आणि त्यासाठी एक जास्तीचा ट्रान्सफॉर्मर रात्रभर तापवणे शहाणपणाचे नाही.

प्लग, सॉकेट आणि जुनी भिंत

घड्याळ-रेडिओमुळे होणारे अपघात बहुधा रेडिओच्या आत घडत नाहीत. ते सॉकेटपाशी आणि विजेच्या दोरीपाशी घडतात. ढिला प्लग हा त्यातला मोठा गुन्हेगार. पिन आणि सॉकेटची पत्ती यांचा स्पर्श नीट नसला की तिथे बारीक ठिणग्या उडतात, पत्ती तापते, प्लॅस्टिक पिवळे पडते आणि शेवटी काळे होते. प्लग कोमट लागणे, सॉकेटभोवती डाग पडणे, हलवल्यावर घड्याळाचे आकडे लुकलुकणे ही तिन्ही लक्षणे एकच गोष्ट सांगतात: सॉकेट बदला. प्लग ढिला बसतो म्हणून काडीपेटीची काडी खुपसणे किंवा उघड्या तारा थेट भोकात घालणे हे कुठल्याही घरात होता कामा नये.

जुन्या वाड्यांत आणखी एक अडचण आहे. लाकडी पट्टीवर ठोकलेल्या जुन्या वायरींचे रबर वाळून भुगा होते आणि अनेक ठिकाणी अर्थिंगची तारच नसते. तीन भोकांचा सॉकेट भिंतीवर दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेले नसते. बहुतेक घड्याळ-रेडिओंना दोनच पिना असतात. त्यांच्यावर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतील तर त्यांना अर्थिंग लागत नाही, कारण आतली इन्सुलेशनची व्यवस्था दुहेरी असते. ते चिन्ह नसलेले, तीन पिनांचे किंवा धातूच्या पेटीतले यंत्र मात्र अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावे. पेटीला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील तर यंत्र त्याच क्षणी बाजूला करावे.

चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये घातलेली जाड तार ही अशा घरांची जुनी सवय आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणे म्हणजे धोक्याची सूचना देणाऱ्याचेच तोंड बंद करणे. जमेल तेव्हा फ्यूजच्या जागी एमसीबी बसवावा आणि त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. जाण्या-येण्याच्या वायरींतल्या प्रवाहात तेवढा फरक पडला, म्हणजेच वीज कुणाच्या अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत उतरू लागली, की आरसीसीबी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वीज तोडतो. घरातली माणसे वाचवणारे यापेक्षा उपयोगी उपकरण दुसरे नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड हा ग्वाल्हेरच्या थंडीचा खास धोका आहे. जानेवारीत रात्रीचा पारा कित्येकदा पाच अंशांखाली उतरतो आणि घराघरांत ब्लोअर-हीटर लागतात. पलंगाशेजारच्या बोर्डात घड्याळ-रेडिओ असतो, मोबाइलचा चार्जर असतो आणि तिसऱ्या भोकात हीटर जातो. साध्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर म्हणजे सुमारे १,३८० वॉट. २,००० वॉटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. बोर्डाची वायर गादीखाली तापत राहते आणि कुणालाच दिसत नाही. हीटर नेहमी भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा. घड्याळ-रेडिओचा सॉकेट स्वतंत्र असावा, आणि त्याची दोरी गादीखालून, सतरंजीखालून किंवा पलंगाच्या पायाखालून जाऊ नये.

कुठे ठेवावा

ट्रान्सफॉर्मर चालू असताना थोडी उष्णता निघते. ती बाहेर जावी म्हणून पेटीच्या पाठीवर आणि खाली बारीक फटी असतात. त्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा खोलीत आधीच तापलेल्या हवेत रेडिओला आपली उष्णता टाकायची असते. पुस्तकांच्या ढिगात, कपाटाच्या बंद कप्प्यात किंवा उशीला टेकून ठेवलेला रेडिओ ती टाकू शकत नाही.

रात्री आकड्यांचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पेटीवर रुमाल टाकण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी. उजेड कमी करण्याचे बटण बहुतेक यंत्रांना असते. नसेल तर यंत्राचे तोंड भिंतीकडे वळवावे. गजर ऐकू येतो आणि फटीही मोकळ्या राहतात. रजईच्या दिवसांत रात्री पांघरूण घसरून यंत्रावर पडते, तेव्हा स्टूल पलंगापासून हातभर दूरच असावे. तेवढ्या अंतराचा दुसरा फायदा असा की गजर बंद करायला उठून बसावे लागते.

उन्हाळ्यात दुसरी काळजी कूलरची. कूलर खिडकीत, त्याच्यासमोर पलंग आणि पलंगाशी रेडिओ अशी रचना सर्रास दिसते. कूलरच्या जाळीतून उडणारे तुषार आणि दमट वारा थेट यंत्राच्या फटींत जातो. आतल्या धुळीवर ओल बसली की ती वीज वाहू लागते. रेडिओ कूलरच्या वाऱ्याच्या रेषेत ठेवू नये, आणि त्याच्यावर किंवा शेजारी पाण्याचा तांब्या, फुलदाणी ठेवू नये. रात्री पाणी हवेच असते. तांब्याची जागा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला करावी.

ग्वाल्हेर केंद्र मध्यम लहरींवर १३८६ किलोहर्ट्झवर आहे. ते खरखर न होता ऐकू यावे म्हणून लोक रेडिओ ओल्या खिडकीत नेऊन ठेवतात. त्याची गरज नसते. मध्यम लहरी पकडणारी फेराइटची कांडी पेटीच्या आतच असते आणि तिला दिशा असते. रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवला की एका कोनात आवाज स्वच्छ होतो. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर खरखर वाढवतात. ते दूर केले तरी बराच फरक पडतो. एफएमसाठी पाठीमागे लोंबणारी बारीक तार असते. ती मोकळी पसरावी, पण सॉकेटमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या वायरला जोडू नये.

लाइट गेल्यावर आणि आल्यावर

विजेच्या जाळ्यात ग्वाल्हेरची जागा मोक्याची आहे. ३० जुलै २०१२ रोजी रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी ट्रिप झाली. त्या मार्गावरची दुसरी वाहिनी कामासाठी आधीच बंद होती. काही क्षणांतच उत्तर भारताची जाळी कोसळली. ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास हीच वाहिनी पुन्हा ट्रिप झाली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही जाळ्या बसल्या आणि सुमारे साठ कोटी लोकांच्या घरची वीज गेली. ज्या घड्याळ-रेडिओंत राखीव बॅटरी नसते, ते वीज परत आल्यावर बारा वाजल्याचे लुकलुकते आकडे दाखवू लागतात आणि त्यांचा गजर पुसला जातो. परीक्षा असो की पहाटेची गाडी, केवळ विजेवर चालणाऱ्या गजरावर विसंबू नये.

यंत्राला खरा धोका लाइट जाताना नसतो, परत येताना असतो. अनेक घरांचे पंखे, कूलर, फ्रिज एकदम सुरू होतात आणि दाब वरखाली होतो. त्याहून वाईट स्थिती न्यूट्रलची तार तुटल्यावर येते. तेव्हा घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. दिवे अचानक फार प्रखर झाले किंवा काही प्रखर आणि काही मंद झाले, तर कारण शोधत बसू नये. आधी मुख्य स्विच बंद करावा आणि १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवावे.

इन्व्हर्टरचीही एक बाजू आहे. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर देत नाही, चौकोनी लहर देतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि जास्त तापतो. आवर्तने मोजणारे घड्याळ अशा लहरीच्या खरखरीत कडांमुळे चुकीचे मोजते आणि पुढे पळते. इन्व्हर्टरवर यंत्राचा आवाज बदलला, तर त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढावा किंवा साइन लहरीचा इन्व्हर्टर घ्यावा.

पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडतात, तेव्हा नियम सोपा आहे. ढग जमू लागताच प्लग काढावा, आणि गच्चीवर नेलेली अँटेनाची तार असेल तर तीही सोडवावी. विजा सुरू झाल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नये.

राखीव बॅटरी आणि घरातली मुले

अनेक यंत्रांत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. ती वर्षातून एकदा बदलावी. जुनी झाली की गळते आणि आतल्या पट्ट्या गंजवते. काढलेली बॅटरी किल्ल्या, नाणी, टाचण्या असलेल्या खणात टाकू नये. तिची दोन्ही टोके एकाच बाजूला शेजारी शेजारी असतात. एका नाण्याने ती जोडली गेली तर बॅटरी तापून खणातल्या कागदाला आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावूनच ती टाकावी.

नव्या यंत्रांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, आणि या प्रकरणातला सगळ्यात गंभीर धोका हाच. लहान मुलाने ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर ओलसर अस्तराशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने दोन तासांत खोल जखम होऊ शकते. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळते, खायला नकार देते किंवा खोकते. यंत्रातली बॅटरी नाहीशी झाली आणि मूल असे वागत असेल, तर उलटी करवू नये. ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ग्वाल्हेरमध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचे जयारोग्य रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. बॅटरीच्या खणाला स्क्रू असलेलेच यंत्र घ्यावे आणि तो स्क्रू नेहमी घट्ट असावा.

विकत घेताना

विजेवर चालणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळे सक्तीच्या नोंदणीखाली आणावीत असा आदेश केंद्र सरकारने २०१२मध्ये काढला. त्यांच्यासाठीचे मानक आहे आयएस ३०२-२-२६. अशा यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तो क्रमांक टाकला की उत्पादक कोण ते कळते. बाजारातल्या ढिगातून, चिन्ह नसलेले, वजनाला फार हलके आणि दोरी दोऱ्यासारखी बारीक असलेले यंत्र स्वस्त असले तरी उशाशी ठेवण्याजोगे नसते. जुने यंत्र वापरायचे असेल तर ते आधी दिवसा, सगळे जागे असताना, काही तास चालवून पाहावे.

बिघाड झाला तर

जळकट वास, गुणगुण, पेटीला सहन न होणारी उष्णता किंवा धूर दिसला तर सॉकेटचे बटण बंद करावे. सॉकेटच तापला असेल तर मुख्य स्विच. पाणी ओतू नये. वीज तुटेपर्यंत पाणी घातक असते. कोरडी वाळू किंवा विजेच्या आगीसाठीचे अग्निशामक वापरावे आणि १०१ ला फोन करावा. कुणाला विजेचा झटका बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नये. आधी मुख्य स्विच. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरीपासून दूर ढकलावे, आणि ११२ ला फोन करावा.

प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली असते, म्हणून पेटी घरी उघडू नये. दुरुस्तीनंतर तीच क्षमता असलेला फ्यूज बसवला का, हे कारागिराला विचारावे.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी गजर वाजून झाल्यावर पाच गोष्टी पाहाव्यात: प्लग कोमट आहे का, दोरी कुठे चिरली आहे का, फटींत धूळ आहे का, बॅटरीचा खण बंद आहे का आणि यंत्राभोवती हातभर जागा मोकळी आहे का. धूळ पुसताना प्लग काढलेला असावा आणि फडके कोरडे असावे. लहान मूल किंवा वृद्ध माणूस त्या खोलीत झोपत असेल तर ही तपासणी टाळू नये. आणि आज हे पान वाचून झाल्यावर आधी पलंगाशी जाऊन प्लगला हात लावून पाहा. तो कोमट लागला, तर उद्याची वाट न पाहता इलेक्ट्रिशियनला बोलवा.